राणीछाप, राजाछाप: चांदीच्या रुपयावरचं साल आणि टिंब कसं वाचायचं

मुंबईतल्या पुष्कळ मराठी घरांत चांदीचा एखादा तरी जुना रुपया निघतोच. देव्हाऱ्यात, लक्ष्मीपूजनाच्या तबकात, नाहीतर बँकेच्या लॉकरमध्ये आजीच्या दागिन्यांच्या डबीत. घर बदलताना किंवा वाटणी करताना तो हातात येतो आणि प्रश्न पडतो: याचे किती येतील? झवेरी बाजारातला सराफ तो काट्यावर टाकतो, टंच म्हणजे शुद्धता धरतो, घट म्हणजे वितळण्यातली तूट कापतो आणि एक आकडा सांगतो. त्यात त्याचं काही चुकत नाही, तो चांदी विकत घेतोय. नाणं विकत घेणारा माणूस निराळा. तो वजन नंतर करतो. आधी खिशातून भिंग काढतो आणि सालाच्या आसपास काय आहे ते पाहतो.

त्या भिंगाखाली काय शोधायचं, तेवढं इथे सांगतो. विषय १८३५ ते १९४५ या काळातल्या ब्रिटिश अमदानीच्या रुपयापुरताच ठेवलाय, कारण घरात निघतो तो बहुधा हाच. संस्थानांची नाणी, मुघल रुपये आणि तांब्याची शिवराई हा फार मोठा प्रांत आहे, तिकडे आज जात नाही.

आधी चांदीचा हिशेब

१८३५ साली कंपनी सरकारने आपल्या सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, म्हणजेच बरोबर एक तोळा. बारा भागांतले अकरा भाग चांदी, टक्क्यांत ९१.६७. शुद्ध चांदी भरते १०.६९ ग्रॅम. राजे बदलले, राणीची सम्राज्ञी झाली, पण १९३९ पर्यंत हे प्रमाण हललं नाही. अधेली म्हणजे आठ आणे, पावली म्हणजे चार आणे आणि चवली म्हणजे दोन आणे. ही नाणी त्याच हिशेबाने निम्मी, पाव आणि आठवा भाग.

म्हणून घरच्या घरी हिशेब सोपा आहे. त्या दिवशीचा शुद्ध चांदीचा किलोचा भाव घ्या, हजाराने भागा, १०.६९ ने गुणा. नाणं हातोहाती फिरून झिजलेलं असेल तर थोडं कमी धरा. ही झाली खालची मर्यादा. अगदी गुळगुळीत झालेल्या, चेहरा ओळखू न येणाऱ्या रुपयालाही एवढं मोल आहेच. यापेक्षा जास्त मिळणार की नाही, हे मात्र चांदी ठरवत नाही.

बहुतेकांची समजूत अशी की नाणं जितकं जुनं तितकं महाग. हे खरं नाही, आणि पुढचं सगळं समजायचं तर ही समजूत आधी सोडावी लागते. १८४० साल असलेला राणीचा रुपया दीडशे वर्षांहून जुना आहे, तरी साधारण स्थितीतला असेल तर चांदीच्या भावापेक्षा थोडेच अधिक पैसे मिळतात, कारण तो ढिगाने सापडतो. १९३९ सालचा अस्सल चांदीचा रुपया त्याहून कितीतरी वर्षांनी लहान, पण तो मिळाला तर संग्राहक चांदीच्या भावाच्या कितीतरी पट मोजतात. किंमत ठरते तीन गोष्टींवर: किती पाडली, किती वितळण्यातून वाचली, आणि वाचलेल्यांपैकी किती चांगल्या स्थितीत आहेत. साल आणि टाकसाळीची खूण यांतून पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मिळतात.

नाण्यावरचं साल दर वेळी खरं नसतं

इथे नवशिका हमखास अडखळतो. आपण समजतो की नाण्यावर १८४० लिहिलंय म्हणजे ते १८४० मध्ये पाडलं. पण त्या काळात साल हे पुष्कळदा छापाचा भाग असायचं, छाप मंजूर झाला ते वर्ष. मग तो छाप बदलेपर्यंत तेच साल पुढे चालू. ही रीत कंपनीआधीपासूनची म्हणता येईल. बंगालमध्ये कंपनीने शाहआलम बादशहाच्या नावाने जो सिक्का रुपया पाडला, त्यावर राज्यारोहणाचं एकोणिसावं वर्षच वर्षानुवर्षं कायम राहिलं.

त्यामुळे विल्यम चौथ्याच्या रुपयावर साल फक्त १८३५, मग तो पुढच्या वर्षी पाडलेला का असेना. व्हिक्टोरिया राणीच्या कंपनी काळातल्या रुपयावर फक्त १८४०, आणि हे साल १८६२ मध्ये नवा छाप येईपर्यंत चाललं. १८४० च्या नाण्यांत फरक साल बघून कळत नाही, अक्षरांच्या मांडणीवरून कळतो. काहींवर ‘व्हिक्टोरिया क्वीन’ हे शब्द डोक्याभोवती सलग गोलाईत आहेत, काहींवर चेहऱ्याच्या एका बाजूला व्हिक्टोरिया आणि दुसऱ्या बाजूला क्वीन असे तुटलेले. सलग अक्षरांची आधीची, तुटक अक्षरांची नंतरची. मानेचा जो भाग कापल्यासारखा दिसतो त्यावर बारीक आद्याक्षरंही असतात. विल्यमच्या नाण्यांवर ‘एफ’ किंवा ‘आरएस’, राणीच्या नाण्यांवर ‘डब्ल्यूडब्ल्यू’, म्हणजे छाप कोरणारा विल्यम वायन. या आद्याक्षरांचे आणि मागच्या बाजूच्या पुष्पचक्रातल्या फळांच्या संख्येचे बरेच उपप्रकार आहेत. ती फळं मोजत बसणारे लोक आहेत आणि त्यांचा नाद खरा आहे, पण सुरुवातीलाच त्यात शिरू नका.

१८६२ च्या रुपयाची कथा जास्त रंगतदार आहे आणि ती खास मुंबईची आहे. कंपनीची सत्ता संपली, राणीचं सरकार आलं, मुकुट घातलेल्या राणीचा नवा छाप निघाला. साल १८६२. हे साल १८७४ पर्यंत गोठलेलंच राहिलं. आता हा काळ आठवा. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. कापसाच्या बदल्यात बंदरात चांदी येत होती आणि ती चांदी फोर्टातल्या टाकसाळीत जाऊन रुपये होऊन बाहेर पडत होती. सगळ्या रुपयांवर १८६२. मग कुठला रुपया कुठल्या वर्षीचा, हे टाकसाळीने ओळखायचं कसं? मुंबई टाकसाळीने सालाच्या वर आणि खाली बारीक टिंबं द्यायला सुरुवात केली. टिंबांची संख्या आणि जागा यांवरून प्रत्यक्ष वर्ष लावता येतं.

संग्राहक ही टिंबं अपूर्णांकासारखी लिहितात: वरची आधी, खालची नंतर. शून्य/चार म्हणजे वर एकही नाही, खाली चार. राणीच्या चेहऱ्याचे आणि मागच्या नक्षीचे प्रकार त्यात मिसळले की एकट्या १८६२ च्या रुपयात डझनावारी वेगवेगळी नाणी निघतात. त्यांतली काही टिंबांची जुळणी सहज मिळते, काही दुर्मीळ आहेत. म्हणून १८६२ चा रुपया ‘कॉमन आहे’ म्हणून मोडीत घालण्याआधी दहापट भिंगाखाली टिंबं मोजा. झिजलेल्या नाण्यावर एखादं टिंब पुसलेलं असू शकतं, आणि मळाचा कणही टिंबासारखा दिसतो, तेव्हा उजेड तिरपा धरून बघा.

१८७४ पासून रुपयावर खरं साल येऊ लागलं. १ जानेवारी १८७७ ला दिल्ली दरबारात राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचं जाहीर झालं आणि नाण्यावर क्वीनच्या जागी एम्प्रेस आलं. याचा एक उपयोग लगेच होतो: १८७४ ते १८७६ या सालांवर क्वीन हवं, १८७७ पासून एम्प्रेस. उलटं दिसलं तर नाणं बाजूला ठेवा.

टाकसाळीची खूण कुठे आणि कशी

रुपये पाडणाऱ्या मुख्य टाकसाळी दोन, कलकत्ता आणि मुंबई. मद्रासची टाकसाळ १८६९ मध्ये बंद झाली. लाहोरची युद्धकाळात उघडली. मुंबईची टाकसाळ टाऊन हॉलजवळ, शहीद भगतसिंग मार्गावर, समोर खांबांची रांग असलेली ती इमारत. १८२० च्या दशकात बांधली आणि आजही तिथे टाकसाळ आहे. तुमच्या हातातला रुपया कदाचित तिथलाच असेल. ते ओळखायचं असं.

राणी सम्राज्ञीच्या रुपयावर मागच्या बाजूला तळाशी जी फुलाची नक्षी आहे तिथे बघा. मुंबईच्या नाण्यावर तिथे इंग्रजी ‘बी’ असतो, कधी उठावाचा, कधी खोलगट. कलकत्त्याच्या काही नाण्यांवर खोलगट ‘सी’ असतो, काहींवर काहीच नसतं. अक्षर इतकं लहान आहे की नुसत्या डोळ्यांनी ते नक्षीचाच भाग वाटतं.

एडवर्ड सातव्याचे रुपये १९०३ ते १९१० चे. हा राजा बिनमुकुटाचा, उघड्या डोक्याचा आहे, त्यामुळे लगेच ओळखू येतो. त्यावरही मुंबईची खूण तळाशी खोदलेला ‘बी’, कलकत्त्याला खूण नाही.

जॉर्ज पाचव्याच्या वेळी मुंबईने अक्षर सोडलं आणि पुन्हा टिंब धरलं. साल जिथे आहे त्याच्या खाली, तळाच्या फुलाखाली उठावाचं एक बारीक टिंब. ते असलं तर मुंबई, नसलं तर कलकत्ता. घरोघरी सर्वांत जास्त सापडतो तो रुपया याच राजाचा, आणि हे टिंब झिजेत सगळ्यात आधी जातं. म्हणून ‘टिंब नाही, म्हणजे कलकत्ता’ असा निकाल देण्याआधी आजूबाजूची नक्षी किती झिजली आहे ते पाहावं. कडेची नक्षी सपाट झाली असेल तर टिंब नसण्याला फारसा अर्थ नाही.

हा सगळा खटाटोप कशासाठी? एकाच सालात दोन टाकसाळींनी पाडलेल्या संख्येत प्रचंड तफावत असू शकते. एक साल एका टाकसाळीचं ढिगाने आणि दुसरीचं मूठभर, असं होतं. एखाद्या सालात तर एकाच टाकसाळीने रुपया पाडलेला असतो. संग्राहक साल आणि टाकसाळ मिळून एक नाणं धरतात.

कुठल्या सालाला भाव, आणि का

सालांची नुसती यादी पाठ करण्यापेक्षा त्यामागचं कारण कळलं की ती आपोआप लक्षात राहते.

जून १८९३ पर्यंत कुणीही चांदी घेऊन टाकसाळीत जावं आणि ठरलेलं शुल्क देऊन तिचे रुपये पाडून घ्यावेत अशी सोय होती. जगात चांदीचा भाव घसरत चालला होता, त्याबरोबर रुपयाही घसरत होता. लंडनमधल्या हर्शेल समितीच्या सल्ल्यावरून सरकारने ही सोय बंद केली. टाकसाळींची धडधड एकदम मंदावली. त्यामुळे शतकाच्या अखेरच्या त्या काही वर्षांत रुपये फार थोडे पडले. १८९७ हे त्यातलं नावाजलेलं साल, त्या सालचा चांगल्या स्थितीतला रुपया संग्राहक शोधत असतात. १९०० आणि १९०१ येईपर्यंत पुन्हा कोट्यवधींनी पाडणं सुरू झालं, म्हणून राणीचे शेवटच्या सालांचे रुपये भरपूर मिळतात.

दुसरं साल १९११. या रुपयाला बाजारात सरळ ‘डुकराचा रुपया’ म्हणतात. नव्या राजाच्या झग्यावर एका मानचिन्हाची साखळी आहे आणि तिच्यात हत्ती आहे. कोरणाऱ्याने त्या हत्तीची सोंड इतकी आखूड काढली की तो डुकरासारखा दिसू लागला. मुसलमान समाजात नाराजी पसरली. सरकारने नाणी थांबवली, मागे घेतली आणि पुढच्या वर्षी नीट सोंड असलेला हत्ती काढून १९१२ चा छाप आणला. पाडले होते सुमारे ९४ लाख, पैकी बाहेर गेले सुमारे ७ लाख, बाकीचे वितळले. राजाच्या छातीशी भिंग धरलं की हत्ती दिसतो. १९११ चा रुपया मिळतच नाही असं मात्र नाही. मागणी जास्त आहे म्हणून भाव टिकून आहे.

तिसरी गोष्ट १९१८ ते १९२० ची, आणि ही उलट्या बाजूची आहे. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून मालाची प्रचंड खरेदी झाली, रुपयांची मागणी वाढली, टाकसाळीकडची चांदी आटली. १९१७ च्या अखेरीस एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली. लोकांचा कागदावर विश्वास कमी, चांदीवर जास्त. नोटा देऊन रुपये मागणाऱ्यांची रीघ लागली. शेवटी अमेरिकेने १९१८ मध्ये पिटमन कायदा करून आपल्या खजिन्यातले चांदीचे डॉलर वितळवले आणि सुमारे २६ कोटी डॉलरांची चांदी हिंदुस्थानसाठी ब्रिटनला विकली. एका डॉलरमध्ये २४ ग्रॅमच्या वर शुद्ध चांदी, म्हणजे एका डॉलरमधून साधारण सव्वादोन रुपये. ती चांदी मुंबई आणि कलकत्त्याला आली. १९१८ आणि १९१९ या दोन वर्षांत प्रत्येक टाकसाळीने वर्षाला वीस कोटींहून जास्त रुपये पाडले. म्हणून तुमच्या घरात निघालेला रुपया १९१८ किंवा १९१९ चा असण्याची शक्यता सगळ्यात जास्त, आणि त्याला चांदीपलीकडे फारसं काही मिळण्याची शक्यता सगळ्यात कमी. तो रुपया कधीकाळी अमेरिकन डॉलर होता, हे मला स्वतःला त्याच्या भावापेक्षा मोठं वाटतं.

युद्ध संपलं, गरज संपली. १९२१ आणि १९२२ चे रुपये फक्त मुंबईने पाडले आणि आधीच्या मानाने अगदी थोडे. ही दोन सालं दिसली तर नाणं वेगळं ठेवा. त्यानंतर १९२३ ते १९३७ पर्यंत चलनासाठी रुपया पडलाच नाही. अधेल्या आणि पावल्या पडत होत्या, पण रुपया नाही. १९३० सालचा चांदीचा रुपया कुणी विकायला आणला तर पुढचं बोलणं तिथेच थांबवायला हरकत नाही.

मग जॉर्ज सहावा. १९३८ चा रुपया मुंबईचा आणि मिळणारा. १९३९ चा रुपयाही मुंबईचाच, ९१.६७ टक्क्यांचा शेवटचा. पण दुसरं महायुद्ध सुरू झालं, लोक चांदी दडवू लागले, आणि हे रुपये टाकसाळीबाहेर फारच थोडे गेले. या मालिकेतलं सर्वांत प्रसिद्ध दुर्मीळ साल हेच. अर्थात नकलांचंही लाडकं साल हेच. १९३८ च्या आठाला कोरून नऊ करणं हा जुना धंदा आहे. आकडा भिंगाखाली बघा: धातू खरवडल्याच्या रेघा, आकड्याभोवतीच्या पृष्ठभागाचा वेगळा पोत, इतर आकड्यांपेक्षा निराळी उंची. १९३९ च्या रुपयाला तज्ज्ञाने तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत, विकणारा नातेवाईक असला तरी.

१९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली: ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, बाकी निकेल आणि जस्त. वजन तेच ठेवलं, म्हणून हातात फरक कळत नाही. कळतो तो कडेवर. नकली नाणी रोखण्यासाठी या रुपयाच्या दातेरी कडेत मधून खाच फिरवली आहे. मोडीत घालताना हे माहीत नसेल तर दोन प्रकारे फसगत होते: विकणाऱ्याला वाटतं पूर्ण चांदी आहे, आणि काही वेळा घेणारा पूर्ण चांदीच्या नाण्यालाही याच मापाने मोजतो. या काळात १९४३ ला उघडलेल्या लाहोर टाकसाळीची खूण ‘एल’ आहे, आणि मुंबईच्या खुणांमध्ये चौकटीच्या पत्त्यासारखी बारीक चौकट येते. तीच चौकट आजही मुंबईच्या नाण्यांवर सालाखाली दिसते. खिशातलं पाच रुपयांचं नाणं काढून बघा. हैदराबादचा तारा, नोएडाचं टिंब, कोलकात्याला काही नाही.

१९४७ च्या वाघाच्या रुपयात चांदी अजिबात नाही, ते निकेल आहे. लोहचुंबकाला चिकटतं. चांदी चिकटत नाही.

वितळलेली नाणी

किती पाडली याचे आकडे पुस्तकांतून मिळतात, पण तेवढ्यावर विसंबलं तर गफलत होते. सरकारने १९४१ पासून पुढच्या दोन-तीन वर्षांत राणीचे, मग एडवर्डचे आणि मग जॉर्जचे पूर्ण चांदीचे रुपये टप्प्याटप्प्याने चलनातून काढले. परत आलेले वितळले. युद्धात अमेरिकेकडून उसनी आणलेली चांदी स्वातंत्र्यानंतर फेडायची होती, तेव्हा निम्म्या चांदीचे रुपयेही मोठ्या प्रमाणात मागे घेऊन शुद्ध केले. शिवाय चांदीचा भाव उसळला की सराफाकडची मूस पेटतेच. त्यामुळे टाकसाळीच्या वहीत लाखांत दिसणारं साल बाजारात विरळ असू शकतं. भाव ठरवताना गेल्या काही वर्षांतल्या लिलावांत ते नाणं प्रत्यक्षात कितीला गेलं हे बघावं. मागितलेली किंमत कुणीही कितीही लिहितो.

घासू नका

दुर्मीळ साल मिळालं तरी निम्मा खेळ स्थितीचा असतो. एकाच साल-टाकसाळीचा गुळगुळीत रुपया चांदीच्या भावात जातो आणि टाकसाळीतून नुकताच पडल्यासारखा, मूळ झळाळी असलेला त्याच्या अनेक पट. झीज आधी उंच भागांवर दिसते: राणीच्या भुवईवर, गालावर, मुकुटाच्या दागिन्यांवर, जॉर्जच्या कानाजवळ. भिंगाखाली या जागा सपाट आणि मळकट दिसल्या की नाणं फिरलेलं आहे.

आपल्याकडे नाण्यांचं सर्वांत जास्त नुकसान भक्तीने आणि हौसेने झालंय. दर दिवाळीला चिंच, रांगोळी, राख, हल्ली टूथपेस्ट. त्याने नाणं चमकतं, पण ती चमक ओरखड्यांची असते. जाणकाराला ती एका नजरेत कळते आणि भाव उतरतो. काळपट, निळसर-जांभळी झाक ही चांदीवर काळाने चढलेली असते आणि पुष्कळ संग्राहकांना तीच हवी असते. कडी लावून गळ्यात घातलेला, भोक पाडलेला किंवा डाख दिलेला रुपया संग्राहकाच्या दृष्टीने जवळजवळ फक्त चांदी. पूजेतला रुपया पूजेत राहू द्या, त्याला घासायचं असेल तर घासा. विकायचा असेल तर मात्र साध्या पाण्याने धुवून मऊ कापडावर टेकवून वाळवा, चोळू नका. ठेवताना पीव्हीसीची मऊ पाकिटं टाळा, त्यांचा हिरवट चिकटा चांदीवर बसतो.

खोटं नाणं

वजन आणि लोहचुंबक या दोन चाचण्यांत निम्मी खोटी नाणी गळतात. पूर्ण चांदीच्या रुपयाचं वजन चांगल्या स्थितीत ११.६६ च्या आसपास, झिजलेल्याचं त्याहून थोडं कमी. दहा ग्रॅम भरलं तर प्रश्नच मिटला. मग कड बघा: साच्यात ओतलेल्या नाण्याच्या कडेवर जोडाची रेघ राहते, दाते पुसट आणि असमान येतात. छापाने पाडलेल्या नाण्याची अक्षरं तळाशी काटेकोर उभी राहतात, ओतलेल्याची गोलसर, साबणासारखी. हातावर वाजवून खणखण ऐकण्याची जुनी रीत आहे, पण नुसत्या आवाजावर निकाल देऊ नये.

चोरबाजारात आणि फोर्टातल्या फुटपाथवर हनुमान, रामदरबार यांची चित्रं आणि ईस्ट इंडिया कंपनीचं नाव असलेली, १६१६, १७१७, १८१८ अशा सालांची नाणी दिसतात. चमत्कारी म्हणून लाखोंच्या गोष्टी सांगितल्या जातात. कंपनीने असली नाणी कधी काढलीच नाहीत. ही अलीकडची खेळणी आहेत.

एक निराळाच प्रकार रीस्ट्राईकचा. मुंबई टाकसाळीने संग्राहकांसाठी जुन्या छापांवरून विसाव्या शतकातही नाणी पाडून दिली आहेत. आरशासारखं पृष्ठभाग, कोरीव धारदार चेहरा. ती खोटी नाहीत, पण त्या सालची मूळ नाणीही नाहीत. त्यांचा भाव वेगळा लागतो. घेताना हे विचारून घ्यावं.

स्वातंत्र्यानंतरच्या चांदीच्या नाण्यांत एक गोंधळ हमखास होतो. गांधीजींच्या जन्मशताब्दीचं दहा रुपयांचं नाणं, १५ ग्रॅम, ८० टक्के चांदी. त्यावर १८६९–१९४८ आहे. पुष्कळांना ते १९४८ चं दुर्मीळ नाणं वाटतं. ती गांधीजींच्या जन्म-मृत्यूची सालं आहेत, नाणं १९६९ चं आहे.

दाखवायचं कुठे, आणि कायदा

डोळा तयार करायचा असेल तर फोर्टात सर फिरोजशहा मेहता मार्गावर रिझर्व्ह बँकेचं नाणं संग्रहालय आहे, आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही नाणी पाहता येतात. अस्सल नाणं आधी पुरेसं पाहिलेलं असलं की नक्कल खटकू लागते. विकायचं असेल तर शहरात भरणाऱ्या नाण्यांच्या प्रदर्शनांत दोन-तीन व्यापाऱ्यांना दाखवा, किंवा लिलाव करणाऱ्या परवानाधारक संस्थेकडे जा. पहिल्याच माणसाला हो म्हणू नका, आणि आधी स्वतः साल, खूण आणि वजन लिहून घेऊन जा. तुम्ही ‘१९२१, मुंबई, टिंब स्पष्ट’ असं म्हणालात की समोरच्याचा बोलण्याचा सूर बदलतो.

फोनवर किंवा ऑनलाइन ‘तुमच्या नाण्याला दहा लाख देतो, आधी कर आणि नोंदणीचे पैसे भरा’ म्हणणाऱ्यांपासून दूर राहा. रिझर्व्ह बँकेचं नाव आणि बोधचिन्ह वापरून असे पैसे उकळले जात होते, म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेने स्वतः जाहीर केलं की अशा व्यवहारात ती पडत नाही आणि कुणाकडून शुल्क किंवा कमिशन मागत नाही.

शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं, ते देशाबाहेर विकायला किंवा पाठवायला मनाई आहे. परदेशातल्या भाच्याला राणीछाप रुपया कुरियरने भेट पाठवणंही त्यात आलं. १९२५ च्या आधीचे सगळेच रुपये आता या रेषेपलीकडे गेलेत. आणि गावच्या घराच्या पायात खणताना हंडा लागला तर तो आपोआप तुमचा होत नाही. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे: जमिनीत दडलेला ऐवज दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दहा रुपये ही मर्यादा तेव्हाची, चांदीच्या दहा रुपयांची. ती आजवर कुणी बदललेली नाही.